जुन्या पेढ्यांनी आपली तारीख सांभाळावी: सीमाभागातील व्यापारी संघटनांना खुले पत्र

प्रति,
मिठाई व्यावसायिक, मसाला व किराणा व्यापारी, फौंड्री उद्योजक, विणकर आणि चप्पल कारागीर यांच्या संघटनांचे पदाधिकारी,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी

सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि सभासदहो,

सप्रेम नमस्कार.

आपल्या सभासदांतली कितीतरी दुकाने आणि कारखाने आजोबा-पणजोबांपासून चालत आलेले आहेत. त्यांच्या नावाला बाजारात जी किंमत आहे ती या जुनेपणाची. ट्रेड मार्कचा अर्ज भरताना मात्र हाच जुनेपणा कागदावरून पुसला जातो, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. हे थांबावे, म्हणून हे पत्र.

टीएम-ए या अर्जात चिन्ह कधीपासून वापरात आहे, असे विचारणारा एक रकाना असतो. तिथे पहिल्या वापराची तारीख द्यायची, नाहीतर ‘पुढे वापरण्याचा विचार आहे’ हा पर्याय निवडायचा. तारीख दिली की २०१७ च्या ट्रेड मार्क नियमांतल्या नियम २५ प्रमाणे वापराचे प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. दुसरा पर्याय निवडला तर यातले काहीच लागत नाही. बिले शोधा, नोटरी गाठा हा खटाटोप वाचतो, म्हणून अर्ज भरणारा तोच पर्याय निवडून मोकळा होतो.

समजा, शहापुरातली एक पेढी १९६५ पासून एकाच नावाने मसाले विकते आहे. तिने आज ‘पुढे वापरणार’ म्हणून अर्ज केला, तर सरकारी नोंदीत तिचे वय अर्जाच्या दिवसापासून सुरू होते. उद्या हुबळी किंवा कोल्हापुरातल्या कोणी २०१२ पासूनचा वापर दाखवून तेच नाव मागितले, तर पेढीच्याच अर्जातले वाक्य तिच्याविरुद्ध वाचून दाखवले जाते. ही तारीख मागाहून बदलून घेणे फार अवघड असते. शिवाय बदल मागितला की समोरचा वकील त्या विसंगतीवरच बोट ठेवतो.

तारखेला एवढे महत्त्व का, तर ट्रेड मार्क कायदा, १९९९ चे कलम ३४. नोंदणी दुसऱ्याकडे असली तरी त्याच्या आधीपासून सलग वापर करणाऱ्याला तो अडवू शकत नाही, असे हे कलम सांगते. अट अशी की नोंदणीधारकाचा पहिला वापर आणि त्याची नोंदणी यांतली जी तारीख आधीची, तिच्याही आधीपासून आपला वापर असावा आणि त्यात खंड नसावा. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या मिठाईच्या नावावरून झालेला वाद २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. तिथे नोंदणी दोन्ही बाजूंकडे होती, तरीही आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क वरचढ ठरला. कुंदा आणि करदंट या मिठायांच्या आपल्या मुलुखाला याहून जवळचे उदाहरण नाही. पण आधीपासूनचा वापर तोंडी सांगून चालत नाही, तो कागदावर दाखवावा लागतो.

या कागदांबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळे घोडे इथेच अडते. ज्या बिलावर ब्रँडचे नाव नाही ते बिल जवळजवळ निरुपयोगी असते. ‘मसाला १० किलो’ एवढेच लिहिलेल्या बिलावरून पेढीने मसाला विकला हे कळते, तो कोणत्या नावाने विकला हे कळत नाही. तेव्हा आजपासून टॅलीत मालाचे नाव भरतानाच ब्रँडचे नाव त्यात घाला आणि बिलाच्या माथ्यावर नोंदवायचे चिन्ह जसेच्या तसे छापा. कच्च्या बिलावर केलेल्या धंद्याचा इथे काही उपयोग होत नाही. दर वर्षाची दोन-तीन बिले पुरतात, पण मधली वर्षे रिकामी राहू देऊ नका; वापर सलग होता हे त्यातूनच दिसते.

बिले नसतील तर वाट संपली असे नाही. वेष्टनबंद मालावर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि महिना-वर्ष छापणे वजनमापाच्या नियमांनी सक्तीचे असल्यामुळे जुने वेष्टन स्वतःच तारखेचा पुरावा ठरते. वेष्टन छापणाऱ्या प्रेसचे बिल, मराठी दैनिकांच्या दिवाळी अंकातली जाहिरात, ट्रान्सपोर्टची बिल्टी, यात्रेच्या स्मरणिकेतली शुभेच्छा हे सगळे चालते. जुन्या विक्रीकर नोंदणीचा दाखला, २००५ पासूनचे व्हॅटचे आणि १ जुलै २०१७ पासूनचे जीएसटीचे कागद धंदा अखंड चालू होता हे दाखवतात. वर्षवार विक्रीचे आकडे सीएकडून प्रमाणित करून घ्यावेत. थर्मल कागदावरचे बिल काही वर्षांत कोरे पडते, त्याची झेरॉक्स आणि स्कॅन लगेच काढा. फोटो आणि व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी कोर्टात दाखवायच्या तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ फोन आणि मूळ फाइल जपा.

आयकराची मुदत संपली म्हणून दिवाळीच्या साफसफाईत जुनी बिलबुके रद्दीत जातात. संघटनांनी सभासदांना निदान एवढे तरी कळकळीने सांगावे, की रद्दीवाल्याला देण्याआधी दर वर्षातली काही पाने वेगळी काढून ठेवा.

आता दुसरा गैरसमज. महापालिकेचा व्यवसाय परवाना, दुकान नोंदणी, जीएसटी, उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), अन्न परवाना, एवढेच काय कंपनीच्या नावाची मंजुरी, यांपैकी एकानेही त्या नावावर एकाधिकार मिळत नाही. ही कागदपत्रे धंदा करण्याची परवानगी किंवा नोंद असतात. एकाच नावाची चार दुकाने चार परवान्यांवर सुखाने चालू शकतात.

नोंदणी वर्गवार होते. एकूण ४५ वर्ग आहेत आणि शुल्क प्रत्येक वर्गाला वेगळे. खडेबाजारातल्या मिठाईवाल्याने दुधाच्या पदार्थांसाठी वर्ग २९ आणि मिठाईसाठी वर्ग ३० असे दोन्ही धरावेत. कुंद्यासारखा खव्याचा पदार्थ दोहोंच्या सीमेवर येतो. लोणची २९ मध्ये, मसाले आणि गूळ ३० मध्ये. दुकान म्हणून इतरांचाही माल विकत असाल तर ३५, बसून खाण्याची सोय असेल तर ४३. ‘वर्ग ३० मधील सर्व वस्तू’ असे लिहू नका. त्यावर हरकत येते, आणि जे बनवतच नाही त्यावरची नोंदणी पुढे वापराअभावी उडवता येते. नोंदवहीत आल्यानंतर पाच वर्षे आणि वर तीन महिने प्रामाणिक वापर झालाच नाही, तर कलम ४७ खाली कोणीही बाधित व्यक्ती चिन्ह काढून टाकायला सांगू शकते.

‘कुंदा’, ‘करदंट’, ‘बेळगाव’ हे शब्द कोणा एकाचे होणार नाहीत. पदार्थाचे नाव आणि गावाचे नाव यांवर कलम ९ खाली आक्षेप येतो, आणि तो योग्यच आहे. डब्यावर ‘बेळगावी कुंदा’ मोठे आणि पेढीचे नाव खाली बारीक अक्षरांत, ही रचना म्हणूनच अंगाशी येते: गिऱ्हाईक जे वाचते त्यावर तुमचा हक्क नाही, आणि ज्यावर हक्क आहे ते कोणी वाचत नाही. पेढीचे नाव मोठे करा. देवादिकांच्या नावांचेही तसेच. महालक्ष्मी, रेणुका, सिद्धेश्वर ही नावे प्रत्येक वर्गात इतक्या जणांनी घेतलेली आहेत, की नोंदणी झाली तरी ती चित्रासह संपूर्ण लेबलापुरती राहते. ‘रामायण’ या एकट्या शब्दावर अगरबत्तीसाठी हक्क देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितले. नवीन ब्रँड काढणाऱ्याने देवाचे नाव घरात पूजावे आणि मालासाठी वेगळा शब्द शोधावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उद्यमबाग, मच्छे आणि होनग्याच्या फौंड्रींचा प्रश्न वेगळा आहे. कच्चे ओतीव भाग वर्ग ६ मध्ये, यंत्रांचे आणि पंपांचे भाग ७ मध्ये, वाहनांचे भाग १२ मध्ये, आणि दुसऱ्यासाठी केलेले ओतकाम ४० मध्ये येते. बहुतेक फौंड्री ग्राहकाच्या पॅटर्नवर (ज्यावरून साचा करतात त्या नमुन्यावर) त्याचेच चिन्ह उठवून माल देतात. त्या चिन्हाचा मालक ग्राहक असतो. नाकारलेले किंवा जास्तीचे कास्टिंग ते चिन्ह तसेच ठेवून बाजारात गेले, तर तो बनावट माल ठरू शकतो आणि कलम १०३-१०४ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. नाकारलेला माल भट्टीतच परत जावा आणि त्याची नोंद ठेवावी. काम संपल्यावर पॅटर्न कोणाकडे राहणार, हे ऑर्डरवरच लिहून घ्या.

वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकरांची साडी पुष्कळदा कोऱ्या घडीत व्यापाऱ्याकडे जाते आणि लेबल तो लावतो. साडीवर विणकराचे नाव नाही, म्हणजे कायद्याच्या लेखी वापर नाही. काठावर विणून किंवा शिक्का मारून स्वतःचे चिन्ह जाऊ द्या. साडी वर्ग २५ मध्ये आणि ताग्याचे कापड २४ मध्ये नोंदवा. अथणी-निपाणीच्या चप्पल कारागिरांनी ‘कोल्हापुरी’ हा शब्द ट्रेड मार्क म्हणून मागू नये. कोल्हापुरी चप्पल हे भौगोलिक मानांकन आहे, ते महाराष्ट्रातल्या लिडकॉम आणि कर्नाटकातल्या लिडकर या दोन महामंडळांच्या नावे आहे आणि त्यात बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. कारागिराने त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे आणि शिवाय स्वतःच्या दुकानाचे चिन्ह वर्ग २५ मध्ये वेगळे नोंदवावे. दोन्ही एकत्र असले तरच माल ओळखता येतो.

लिपीचा मुद्दा आपल्या भागात टाळता येत नाही. चंदगडला जाणाऱ्या पाकिटावर मराठी, गोकाकला जाणाऱ्यावर कन्नड, ऑनलाइन विक्रीत इंग्रजी, आणि दुकानाच्या पाटीवर कर्नाटकच्या नियमाप्रमाणे ६० टक्के कन्नड. अशा वेळी फक्त देवनागरी लोगो नोंदवला तर कन्नड पाटीचा फोटो त्याच चिन्हाचा पुरावा कसा, यावर वाद घालता येतो. आधी नाव साध्या अक्षरांतले शब्दचिन्ह म्हणून नोंदवा, कारण नावाचे साम्य तपासताना उच्चाराला मोठे वजन असते. पैशाची सोय झाली की वापरातले लेबल वेगळ्या अर्जाने घ्या. मराठी किंवा कन्नड अक्षरे असलेल्या लेबलासोबत नियम २८ प्रमाणे त्याचे लिप्यंतर आणि भाषांतर द्यावे लागते. ते राहिले की तेवढ्यासाठी अर्ज अडकतो. लेबल काळ्या-पांढऱ्यात दिले तर ते सर्व रंगांसाठी धरले जाते, रंगीत दिले तर त्या रंगांपुरतेच मर्यादित राहू शकते.

लेबल ज्याने काढले तो चित्रकार किंवा प्रेसवाला त्या चित्राचा हक्क लिहून देईपर्यंत तो हक्क त्याच्याकडेच राहू शकतो. बिलासोबत एक पानी हस्तांतरपत्र आणि मूळ डिजिटल फाइल मागून घ्या.

अर्ज कुठे करायचा याबद्दल आपल्याकडे फार घोळ होतो. धंद्याचे मुख्य ठिकाण कर्नाटकात असेल तर कार्यालय चेन्नईचे, महाराष्ट्र किंवा गोव्यात असेल तर मुंबईचे. सल्लागार कोल्हापूर वा पुण्याचा आहे म्हणून अर्ज मुंबईला जात नाही. केवळ जवळ वाटते म्हणून चंदगड किंवा कोल्हापूरच्या शाखेचा पत्ता मुख्य म्हणून दाखवू नका. जीएसटीच्या नोंदीशी तो जुळत नाही आणि वादात अडचण होते. अर्ज ऑनलाइन होतो, सुनावणी व्हिडिओवर होते, चेन्नईला कोणाला जावे लागत नाही. आणि नोंदणी मिळाली की ती सबंध भारतात लागू होते. राज्याची सीमा तिला नाही.

शुल्क ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, एकट्या मालकाला आणि लघुउद्योगाला, बाकीच्यांना ९,०००. भागीदारी संस्था आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या उद्यमचा दाखला न जोडल्यामुळे दुप्पट भरतात, आणि तो दाखला पोर्टलवर फुकट मिळतो. अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर नावाचा शोध विनामूल्य घेता येतो. तो उच्चारानुसार घ्या आणि ‘लक्ष्मी’सारख्या नावाचे इंग्रजीतले सगळे प्रकार टाकून बघा.

पुढे बहुतेक अर्ज मरतात ते मुदतीत. अर्ज तपासून ट्रेड मार्क कार्यालय आक्षेप कळवते तो परीक्षण अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अहवाल ई-मेलवर येतो, ई-मेल सल्लागाराचा असतो, सल्लागार रिटर्नच्या हंगामात बुडालेला असतो, आणि अर्ज सोडून दिला असे धरले जाते. मालकाने अर्ज क्रमांक स्वतःजवळ ठेवावा आणि महिन्यातून एकदा स्थिती स्वतः पाहावी. आक्षेप दूर झाल्यावर चिन्ह ट्रेड मार्क जर्नलमध्ये छापले जाते, तिथून चार महिने कोणीही विरोध करू शकतो. विरोधाची नोटीस मिळाल्यावर दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे त्या विरोधाला लेखी उत्तर, गेले नाही, तर अर्ज संपला. तिथे मुदतवाढ मिळत नाही. सगळे पार पडले की नोंदणी दहा वर्षांची, पण ती मोजायची अर्जाच्या तारखेपासून, प्रमाणपत्राच्या नव्हे. नूतनीकरणाला ९,००० रुपये लागतात. नोंदणी होईपर्यंत ‘टीएम’ लिहा. वर्तुळातला ‘आर’ त्याआधी लावणे कायद्याला मंजूर नाही.

घरच्या वाटणीत जेवढी नावे बुडतात तेवढी नक्कल करणाऱ्यांमुळे बुडत नसावीत. वाटणीपत्रात जागा, यंत्रे, उधारी सगळे येते. नाव कोणाचे, हे येत नाही. मग दोन भाऊ दोन गल्ल्यांत आजोबांचेच नाव लावतात आणि दोघांनाही दुसऱ्याला अडवता येत नाही. वाटणीपत्रात किंवा भागीदारी मोडताना करारात चिन्ह, त्याचा नोंदणी क्रमांक आणि धंद्याची पत कोणाकडे जाते हे एका स्वतंत्र कलमात लिहा, आणि टीएम-पी अर्जाने ती नोंद करून घ्या. पत सोडून नुसते चिन्ह दिले, तर सहा महिन्यांत ट्रेड मार्क रजिस्ट्रारकडे जाहिरातीचे निर्देश मागावे लागतात, नाहीतर ते हस्तांतर लागू होत नाही. वडिलांच्या नावावर नोंदणी आणि माल मुलाच्या कंपनीकडून, असे असेल तर दोघांत लेखी परवाना करार करा.

नक्कल दिसली तर गप्प बसू नका. नक्कल करणाऱ्याने स्वतःचे चिन्ह नोंदवलेले असेल आणि आपण ते माहीत असूनही सलग पाच वर्षे चालू दिले, तर कलम ३३ प्रमाणे त्याची नोंदणी रद्द करायचा हक्क जातो. आपली नोंदणी असण्याचा सीमाभागात आणखी एक मोठा फायदा आहे. नक्कल करणारा सांगली, रत्नागिरी किंवा गोव्यात असला, तरी कलम १३४ मुळे नोंदणीधारकाला आपल्या धंद्याच्या ठिकाणी, म्हणजे बेळगावच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. नोंदणी नसेल तर सहसा त्याच्या गावी जावे लागते. पोलिसांकडून जप्ती हवी असेल तर उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्याला आधी रजिस्ट्रारचे मत घ्यावे लागते. या वेळात माल हलतो, म्हणून दिवाणी न्यायालयातून तातडीचा मनाई हुकूम मागणे बहुधा लवकर पोचते.

आपल्या संघटनांकडून आमची मागणी ठोस आहे. दसऱ्याआधी प्रत्येक पेठेत एक दिवस स्कॅनर ठेवून सभासदांची जुनी बिले, वेष्टने आणि जाहिराती वर्षवार स्कॅन करून द्याव्यात. सभासदांच्या ब्रँडची एक यादी ठेवावी आणि ट्रेड मार्क जर्नल दर सोमवारी निघते, ते त्या यादीशी ताडून पाहण्याचे काम एका जाणत्या व्यक्तीकडे सोपवावे. मिळतेजुळते नाव सापडल्यास विरोधाला एका वर्गामागे २,७०० रुपये लागतात; ते भरणे न झेपणाऱ्या लहान सभासदासाठी संघटनेने निधी ठेवावा. आणि वापराच्या रकान्यात ‘पुढे वापरणार’ असे लिहिलेले जुने अर्ज कोणाकोणाचे आहेत, ते याच महिन्यात तपासून घ्यावे. जे अजून प्रलंबित आहेत त्यांच्यासाठी, खरी तारीख आणि प्रतिज्ञापत्र जोडून नवा अर्ज करायचा की जुनाच पुढे न्यायचा, हे प्रत्येक प्रकरण पाहून ठरवावे लागेल. जुना अर्ज मागे घेण्याची घाई मात्र नवा क्रमांक हातात येईपर्यंत करू नये.

कळावे.

आपले,
बेळगाव परिसरात ट्रेड मार्क नोंदणीचे काम करणारे काही वकील आणि सल्लागार